मल्टिपार्ट मेलमधला मजकूर आणि अटॅचमेंट वेगळे काढताना गोंधळ होतोय

टपालखाते
सेव्ह केलेल्या बऱ्याच ईएमएल फायलींमधला मजकूर डेटाबेसमध्ये आणि अटॅचमेंट फोल्डरमध्ये टाकायच्या आहेत. पायथनचं ईमेल मॉड्यूल वापरतोय. ‘गेट_पेलोड’ला ‘डीकोड=ट्रू’ दिलं की कित्येक मेलवर ‘नन’ (काहीच नाही) येतं. न देता चालवलं तर मराठी मजकुराऐवजी बरोबरच्या (=) चिन्हांची रांग मिळते. आणि मजकुरात बसवलेली चित्रं ‘इटर_अटॅचमेंट्स’ देतच नाही. दुसरं टूल शोधू का?

बाइटवाला
टूल बदलायची गरज नाही. मल्टिपार्ट भाग म्हणजे नुसता डबा, त्याचा स्वतःचा मजकूर नसतो, म्हणून ‘नन’. बरोबरची चिन्हं हे कोटेड-प्रिंटेबल एन्कोडिंग, त्यात प्रत्येक बाइट ‘=’ आणि पुढे दोन कॅरेक्टर असा लिहितात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे इथे ९ कॅरेक्टर. ओळ ७६ पर्यंतच चालते, त्यामुळे अक्षर मधेच तुटून पुढच्या ओळीत जाऊ शकतं. ओळीओळीने डीकोड केलंत तर हमखास फसाल. आधी पूर्ण भागाचे बाइट काढायचे, कॅरेक्टर सेट (कोणते बाइट म्हणजे कोणतं अक्षर ते ठरवणारा तक्ता) त्यानंतर.

फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, ‘मेसेज_फ्रॉम_बाइट्स’ वापरा आणि ‘पॉलिसी.डिफॉल्ट’ (मेल वाचायचे नवे नियम) स्पष्ट द्या. न दिल्यास जुनी ‘कॉम्पॅट३२’ लागू होते आणि ‘गेट_बॉडी’ मिळतच नाही. मग ‘गेट_बॉडी’ला आधी प्लेन, नंतर एचटीएमएल असा पसंतीक्रम देऊन ‘गेट_कंटेंट’. नुसती पीडीएफ पाठवलेल्या मेलवर ‘गेट_बॉडी’सुद्धा ‘नन’ देतं, तेवढं तपासा. अनोळखी कॅरेक्टर सेटचं नाव असेल तर ‘लुकअप-एरर’ येतो. तो पकडून कच्चे बाइट बाजूला ठेवा, अंदाजाने डीकोड करून डेटाबेसमध्ये घालू नका.

सीमारेषा
चित्रांचं कारण रचनेत आहे. मल्टिपार्ट डबे एकात एक असतात, नेहमीचा प्रकार असा: बाहेर ‘मिक्स्ड’, आत ‘अल्टरनेटिव्ह’, त्यात प्लेन आणि ‘रिलेटेड’, आणि त्या ‘रिलेटेड’मध्ये एचटीएमएल व चित्रं. ‘इटर_अटॅचमेंट्स’ फक्त लगतच्या पायरीवरचे भाग बघतं, खोलात उतरत नाही. चित्रांसाठी सगळ्या पायऱ्यांवर फिरणारं ‘वॉक’ चालवा आणि ‘कंटेंट-आयडी’चे कोनी कंस काढून ते एचटीएमएलमधल्या ‘सीआयडी’शी (चित्राच्या त्याच आयडीचा उल्लेख) जुळवा. मात्र ‘वॉक’ फॉरवर्ड करून जोडलेल्या अख्ख्या मेलच्या पोटातही शिरतं. असा जोडलेला मेल म्हणजे ‘मेसेज/आरएफसी८२२’ भाग, तो आधी ओळखला नाहीत तर दोन मेलचा मजकूर एकत्र होईल.

फाइलचं नाव मेलमधून आलंय तसं डिस्कवर कधीही लिहू नका. त्यात वरच्या फोल्डरकडे जाणारा पाथ असू शकतो. स्वतःचं नाव द्या, मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात ठेवा.

टपालखाते
मजकूर आणि चित्रं जमली. आता काही मेलच्या विषयांत (सब्जेक्टमध्ये) मधलंच एखादं अक्षर फुटतंय, आणि डेटाबेसमध्ये लिहिताना ‘सरोगेट्स नॉट अलाउड’ असा एरर.

बाइटवाला
पाठवणाऱ्या प्रोग्रामची चूक. आरएफसी २०४७ या प्रमाणकानुसार हेडरमधला (विषय, पत्ते वगैरेंच्या ओळींतला) एन्कोडेड तुकडा जास्तीत जास्त ७५ कॅरेक्टरचा, आणि अक्षराचे बाइट दोन तुकड्यांत विभागायचे नाहीत. काही प्रोग्राम बिनदिक्कत विभागतात. नवी पॉलिसी प्रत्येक तुकडा स्वतंत्र डीकोड करते, म्हणून अर्धं अक्षर उरतं, आणि त्या सुट्या बाइटच्या जागी आलेल्या ‘सरोगेट’ चिन्हांमुळे तो एरर येतो. अशा मेलचे हेडर तेवढे ‘बाइट्स-हेडर-पार्सर’ने वाचा (पॉलिसी न दिल्यास तो ‘कॉम्पॅट३२’वर चालतो) आणि विषय ‘डीकोड_हेडर’ला द्या. एकाच कॅरेक्टर सेटचे शेजारचे तुकडे तो आधी बाइट म्हणून जोडतो.

सीमारेषा
कोड न लिहिता झटपट तपासायचं असेल तर ‘रिपमाइम’ किंवा ‘मनपॅक’ ही तयार टूल्स आहेत. ‘मनपॅक’ टेक्स्टचे भाग आपणहून लिहीत नाही, त्याला टी-ऑप्शन लागतो. नाहीतर मजकूर गायब झाला असं वाटतं. आणि अटॅचमेंट म्हणून फक्त ‘विनमेल.डॅट’ निघाली तर पार्सरला दोष देऊ नका: ते आउटलुकचं टीएनईएफ पॅकिंग आहे, ‘टीएनईएफ’ नावाच्याच टूलने उघडतं.