मदत हवी आहे: एकच वाइन, एक बाटली गोड आणि दुसरी आंबट

रानजाई: सेमी-ड्राय (किंचित गोड) व्हाइट ब्लेंडच्या सहा बाटल्या घेतल्या, सगळ्या एकाच खोक्यातल्या. थंड, उंच डोंगराळ भागातली वाइन आहे. पहिली गोडसर, छान लागली. काल दुसरी उघडली तर दात आंबले. खराब झाली का? उरलेल्या चार शनिवारी उघडायच्या आहेत, लवकर सांगा.

दर्यावर्दी: कुठली? द्राक्षं कोणती? कोणत्या वर्षाची? बूच आहे की फिरकीचं झाकण? नुसतं 'उंच भागातली' म्हटल्यावर काय सांगणार?

अमृतवेल: बाटलीत पुन्हा फसफसली असणार. सेमी-ड्रायमध्ये साखर उरलेली असते, यीस्ट जिवंत राहिलं की ती खातं आणि आंबटपणा उघडा पडतो. मी घरी केलेल्या तीन बाटल्या अशाच गेल्या. ओतून द्या.

दर्यावर्दी: न बघताच ओतून द्या? बुडबुडे होते का ते तरी विचारा.

रानजाई: बुडबुडे नाहीत, गढूळही नाही. युरोपातली आहे, रीसलिंग आणि म्युलर-थुर्गाऊ. फिरकीचं झाकण. आता सांगा.

जुनी_वही: म्युलर-थुर्गाऊ म्हणजे रीसलिंग आणि सिल्व्हानरचा संकर, 1882 मधला. स्वभावाने सौम्य द्राक्ष.

अमृतवेल: सिल्व्हानर नव्हे. डीएनए तपासणीत संकरातलं दुसरं द्राक्ष मादलेन रोयाल निघालं.

जुनी_वही: जुन्या पुस्तकांत सिल्व्हानरच आहे. असो, ग्लास वरून निमुळता घ्या, वास टिकतो.

दर्यावर्दी: ग्लासचं कोणी विचारलंय? रानजाई, ओतताना दोन्ही बाटल्या सारख्याच थंड होत्या का?

रानजाई: पहिली दोन तास बाहेर होती. दुसरी फ्रीजमधून काढली आणि लगेच ओतली. त्याचा काय संबंध?

दर्यावर्दी: सगळा संबंध तिथेच आहे. वाइन फार गार असली की जिभेला गोडी कमी कळते आणि आम्ल टोचतं. उंचावर रात्री गार असतात, त्यामुळे द्राक्षातलं मॅलिक आम्ल (कच्च्या सफरचंदासारखा आंबटपणा) टिकून राहतं. त्याला तोलायला थोडी साखर ठेवतात. ती साखरच कळली नाही तर उरतो आंबटपणा.

अमृतवेल: फसफसण्याचं मागे घेते. पण नुसत्या तापमानाने दात आंबत नाहीत. बाटल्या कोणत्या वर्षाच्या ते बघा. युरोपीय नियमात सेमी-ड्राय म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, आम्ल पुरेसं असेल तर 18 पर्यंत. लेबल तेच, पण एका वर्षाच्या बाटलीत 10 ग्रॅम आणि दुसऱ्या वर्षाच्या बाटलीत 17 असू शकते.

रानजाई: आत्ता पाहिलं. पहिली 2022 ची, कालची 2021 ची! खोकं एकच म्हणून बघितलंच नव्हतं. कालची उरलेली अर्धा तास बाहेर ठेवून प्यायले. बरीच मऊ झाली, तरी पहिलीपेक्षा आंबटच.

अमृतवेल: मध्य युरोपात 2022 चा उन्हाळा 2021 पेक्षा कडक होता. आम्लात फरक पडणारच.

रानजाई: चारातल्या तीन 2021 च्या आहेत. काय करू?

दर्यावर्दी: फ्रीजमधून वीस मिनिटं आधी काढा, साधारण 10 अंश पुरे. 2021 च्या आधी ओता, 2022 ची शेवटी. गोड आधी प्यायलात तर आंबट जास्तच लागेल.