श्रीवर्धनकडच्या गावासाठी प्रशिक्षण हवं आहे: कचरा आणि पावसाचं पाणी, दोन्ही एकत्र शिकवणारं

नमस्कार मंडळी,

मी रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनारी गावात राहते आणि बचत गटांचं काम बघते. गटांतल्या १४ बायका आणि ग्रामपंचायतीचे दोन सफाई कामगार, एवढ्यांसाठी प्रशिक्षण शोधते आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वाड्यांतल्या पोफळी (सुपारीची झाडं) मोडून पडल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, त्यामुळे तो घाव अजून भरलेला नाही. पण दरवर्षीचा त्रास आहे तो आमच्या पऱ्याचा, म्हणजे गावातल्या ओढ्याचा. पाऊस आता दोन-तीन तासांत कोसळतो. नेमकी तेव्हाच भरती असली की पऱ्याचं पाणी समुद्रात जात नाही, उलट फिरतं. त्यात मोरीच्या तोंडाशी वेफर्सची पाकिटं, बाटल्या, शहाळ्यांची सालं अडकलेली. गेल्या जुलैत खालच्या पाखाडीत (वस्तीत) गुडघाभर पाणी होतं. ओसरल्यावर दोन दिवस आम्ही बायका घराघरांतून गाळ आणि प्लास्टिक काढत होतो.

म्हणून आमच्यासाठी कचरा आणि पाऊस हे दोन विषय नाहीत. प्रशिक्षणं मात्र वेगवेगळी असतात. मागे एका ठिकाणी दोन दिवस जाऊन आले. पडद्यावर जगाचं तापमान, आलेख, शेवटी प्रमाणपत्र. खताच्या खड्ड्याला कुणी हात लावला नाही. बरोबर आलेल्या काकी परतताना म्हणाल्या, "घरी जाऊन नेमकं करायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते फार लागलं.

मग आम्हीच सुरुवात केली. काही घरांचा कचरा आठवडाभर तोलला, तर निम्म्याहून जास्त ओलाच निघाला. खड्डे घेतले. उन्हाळ्यात खत छान झालं, पावसात खड्डे तुडुंब भरले आणि वास सुटला. मासळीचं धुणं-कापणं तर रोजचं. पातेरा (वाळलेला पाला) आणि पोफळीच्या गळलेल्या विऱ्या आमच्याकडे भरपूर, पण लोक त्या जाळतात. ओल्या कचऱ्यावर कोरड्या पातेऱ्याचा थर हवा हे वाचून माहीत आहे. चार महिने धो-धो पावसात ते जमवायचं कसं, हे करून दाखवणारं कुणी हवं आहे.

चौकशी थोडी केली आहे. पुण्याला यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत सरपंच-सदस्यांची प्रशिक्षणं होतात. ज्या बायका सदस्य नाहीत त्यांना तिथे घेतात का? वॉटर (WOTR) या पाणलोट विकासाच्या संस्थेचं काम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दरेवाडीत आहे, गावाने हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं यात त्यांचा हात बसलेला आहे. पण त्यांचं मूळ काम दुष्काळी भागातलं, आमची अडचण पाणी जास्त झाल्याची. यूएन सीसी लर्न या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल शिकवणाऱ्या उपक्रमाचे मोफत ऑनलाइन वर्ग मला चालतील, गटातल्या बायकांना मराठीच हवं. वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने कचरा डेपोचं रूप पालटलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. तिथे नुसती भेट न देता दोन-तीन दिवस कामाला लावून शिकवतात का? कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.

आणखी दोन गोष्टी. भंगारवाला बाटल्या नेतो, वेफर्सची पाकिटं नेत नाही. लहान गावांनी यावर काय केलंय? आणि पऱ्याची मोरी कधी, कुणी साफ करायची, भरतीचं वेळापत्रक बघून खालच्या पाखाडीला आधी कसं कळवायचं, असा गावाचा आराखडा करायला शिकवणारं कुणी आहे का? आम्हाला सगळ्यात जास्त गरज याची आहे.

खर्चाचंही विचारायचं आहे. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. त्यातून प्रशिक्षकांचं मानधन देता येतं का? ग्रामसेवक भाऊ विचारून सांगतो म्हणाले आहेत, पण तुमच्या पंचायतीने तसं केलं असेल तर ठराव कसा लिहिला ते कळवा.

भातकापणी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आम्ही मोकळ्या असतो. एप्रिल-मेमध्ये पर्यटकांचं जेवण-खाण असतं, तेव्हा कुणालाच जमणार नाही. घर सोडून दोन रात्रींपेक्षा जास्त राहणं बहुतेकींना अशक्य आहे. प्रशिक्षक गावात आले तर राहण्या-जेवण्याची सोय आम्ही करू. समाजमंदिर आहे, खड्डे आहेत, पऱ्या तर समोरच आहे.