‘मिस्सा’ कुठून आला? (सोबत लिटर्जी आणि कुर्बाना)

पत्रिकावाली: वसईच्या मैत्रिणीची लग्नपत्रिका आली. मुहूर्ताच्या जागी ‘सकाळी १० वाजता मिस्सा’, म्हणजे कॅथलिक चर्चमधली भाकर आणि द्राक्षारसाची उपासना. ऑफिसात एकाने छातीठोकपणे सांगितलं, की हा ‘मिश्र’चा अपभ्रंश, भाकर आणि द्राक्षारस एकत्र, म्हणून मिस्सा. मिसळीचा चुलतभाऊच म्हणा ना! मला काही पटलं नाही. कुणाला ठाऊक आहे?

जुनी वही: ‘मिश्र’शी काडीचाही संबंध नाही. शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, त्यांनी तो लॅटिनमधून घेतला. लॅटिन उपासनेच्या शेवटी म्हणतात, ‘इते, मिस्सा एस्त’. इथे मिस्सा म्हणजे पाठवणी, निरोप. ‘निघा आता, निरोप झाला’ एवढाच अर्थ. त्यात ना बळी, ना भोजन, ना प्रार्थना.

आणि हा शब्द मुळात देवळातलाही नव्हे. इ.स. ५००च्या सुमारास गॉलमधला (आजचा फ्रान्स) बिशप अविटुस लिहितो, की चर्चमध्ये, राजवाड्यात आणि न्यायसभेत लोकांना सोडताना ‘मिस्सा’ पुकारतात. आपल्याकडे ‘दरबार बरखास्त’ म्हणायचे, तेच हे.

पत्रिकावाली: पण निरोपाचा शब्द अख्ख्या उपासनेला कसा चिकटला?

जुनी वही: ‘मुंज’ आठवा. मुंज हे गवत. त्याची मेखला बटूच्या कमरेला बांधतात, हा उपनयनातला एक भाग. पण आपण सगळ्या सोहळ्यालाच मुंज म्हणतो.

इथे तर निरोप एकदाच नसायचा. बाप्तिस्मा न झालेल्यांना शास्त्रवचनं आणि प्रवचन ऐकायची मुभा होती. पुढच्या, भाकर-द्राक्षारसाच्या भागाआधी त्यांना आशीर्वाद देऊन बाहेर पाठवत. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची बाई यरुशलेमला यात्रेला गेली. तिने तिथल्या रोजच्या उपासनांचं बारीक वर्णन लिहून ठेवलंय, आणि त्यात ‘मिस्सा’ पदोपदी येतो, बहुतेकदा निरोप याच अर्थाने. साधारण त्याच काळात मिलानचा बिशप अँब्रोज याच्या एका पत्रात मात्र तो उपासनेलाच लावल्यासारखा दिसतो. शब्द कूस बदलताना सापडतो तो असा.

वसईकर: आमच्याकडे ‘मिस्साबलिदान’ असाही जोडशब्द आहे. प्रोटेस्टंट मंडळी ‘प्रभुभोजन’ म्हणतात. त्याहून जुना शब्द कोणता?

जुनी वही: ग्रीक ‘युखारिस्तिया’, म्हणजे आभार मानणं. ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत द्राक्षारसाच्या पेल्यावर आणि भाकरीवर म्हणायच्या प्रार्थना आहेत, त्यांना हेच नाव. प्रार्थना ग्रीकमध्ये, पण शेवटी ‘मारानाथा’ हा अरामी भाषेतला उद्गार तसाच राहिलाय: ‘आमच्या प्रभू, ये’.

मला सगळ्यात आवडतो तो जस्टिन, दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक. रोममध्ये साधारण १५५ साली तो बाहेरच्यांना समजावतो, की आम्ही रविवारी जमतो, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण ‘वेळ असेल तितकं’ वाचतो, मग प्रमुख जमेल तितकी प्रार्थना करतो, लोक ‘आमेन’ म्हणतात. भाकर-द्राक्षारसातला न आलेल्यांचा वाटा डीकन (चर्चचे सेवक) घरी पोचवतात. जमेल तितकी! म्हणजे ठरीव संहिता नव्हतीच. संहिता पुढे ठरत गेल्या, आणि अंत्युखिया, अलेक्झांड्रिया, रोम, एडेसा अशा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. रोममध्येही आधी उपासना ग्रीकमध्येच होती. चौथ्या शतकात लॅटिनने ती जागा घेतली.

कोशातला किडा: ‘लिटर्जी’, म्हणजे चर्चचा उपासनाविधी, त्या शब्दाबद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कुणीतरी ‘लोकांचं काम’ असा अर्थ देणारच. ‘लेइतुर्गिया’ म्हणजे लोकांसाठीचं काम. अथेन्समध्ये धनिकाने पदरच्या पैशाने युद्धनौका चालवायची किंवा नाटकाचा गायकवृंद उभा करायचा, ती लेइतुर्गिया. जत्रेचा खर्च उचलणारा गावचा शेठ डोळ्यांपुढे आणा. पुढे हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द मंदिरातल्या याजकांच्या सेवेला वापरला आणि तिथून तो ख्रिस्ती झाला. मराठीत ‘उपासनाविधी’ चालतो, पण त्यात खर्च उचलण्याची छटा नाही.

वसईकर: केरळचे मित्र मिस्साला ‘कुर्बाना’ म्हणतात. आपल्या कुर्बानीचं नातं?

कोशातला किडा: सख्खं. केरळात तो सिरियाक या जुन्या भाषेतून आला, आपली कुर्बानी अरबी-फारसीतून. धातू एकच, क-र-ब, ‘जवळ येणे’. जवळ नेऊन ठेवलं ते अर्पण. मार्क ७:११ मध्येही मूळ ग्रीकात ‘कोर्बान’ हा हिब्रू शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ दिलाय.

पत्रिकावाली: आणि अंत्युखिया, रोम अशा गावोगावच्या वेगळ्या उपासना-परंपरांना एकच मराठी शब्द? ‘पंथ’?

कोशातला किडा: ‘पंथ’ नको, त्यात मतभेदाचा वास येतो. मी ‘विधिपरंपरा’ लिहितो. बोलताना ‘घराणं’ जास्त जवळचं वाटतं: राग तोच, गावाप्रमाणे गायकी वेगळी.

जुनी वही: घराणं लिहिलंत तर संगीतवाले भांडायला येतील.

वसईकर: येऊ देत. पत्रिकावाल्या ताई, १० म्हणजे १० बरं का. आणि निरोप झाल्याशिवाय जेवायला पळू नका.