प्रति: घोड्याच्या पाठीचं मालीश

"मालीश वगैरे रेसच्या घोड्यांचे लाड, वरातीच्या घोडीला कशाला" असं वर लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. उलट तिलाच जास्त गरज, नवरदेव पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यावर दोन-तीन तास, तेही बँडमागे मुंगीच्या पावलानं. मुळात घोड्याला कॉलरबोन नसतंच, पुढचं धड दोन पायांमध्ये नुसतं स्नायूंवर टांगलेलं, आणि साधारण 60 टक्के वजन पुढच्याच पायांवर.

कळव्याला आमच्या मागे एका काकांचा छोटा तबेला आहे, त्यांना व्हेटने (जनावरांच्या डॉक्टरने) शिकवताना बघितलंय, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा बांधतात तिथे पोटाच्या मधोमध बोटांची टोकं लावून हळूहळू वर दाबायचं, घोडी खरंच पाठ उचलते, पाच सेकंद थांबून सावकाश सोडायचं. पहिल्या दिवशी तिने कान मागे टाकून शेपटी झटकली तर व्हेटने लगेच हात काढायला लावला, दुखतंय तिला म्हणाले, आणि खोगीर उतरवून बघितलं तर पाठीवर एका बाजूला केस घासून गेलेले, काकांना इतके दिवस वाटत होतं नखरे करते! आणि हो, उभं राहायचं खांद्यापाशी, घोडा मागच्या पायाने पुढेसुद्धा लाथ मारतो.