मदत हवी आहे : डोंगराखालच्या वाडीने दरडीची तयारी कशी करावी?

मंडळी, नमस्कार.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मिळवती माणसं मुंबई-सुरतेकडे, पावसाळ्यात मागे उरतात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. वरच्या माळाच्या कडेला भेग पडलीय, कोपरापर्यंत हात आत जातो. पाहणीसाठी अर्ज दिलाय, पण जून काही त्याची वाट बघत थांबणार नाही.

गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, आपण दरडप्रवण गावांच्या यादीतच नाही. अहो, १९ जुलै २०२३ च्या रात्री गेलेली इर्शाळवाडी तरी कुठे होती यादीत? दुसरा तट म्हणतो, असले पाऊस कितीदा बघितले. दरडीखाली गेलेलं तळिये आमच्या शेजारच्या तालुक्यातलं, २०२१ चं, तरीही हे ऐकावं लागतं.

माझी खरी अडचण अशी: रात्री निघायचं हे ठरवायचं कशावरून आणि कुणी? तालुक्याच्या पावसाचा आकडा आमच्या कामाचा नाही, तिथे भुरभुर असते तेव्हा इथे कोसळत असतो. शिवाय गुरं सोडून यायला कुणी तयार नाही. कुणी आपल्या गावात असं काही बसवलं असेल तर सविस्तर सांगा.

— वाडीवाला

मुरूममाती : पाऊस स्वतः मोजा, खर्च नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २०४.५ मिमी किंवा त्याच्या पुढे म्हणजे अत्यंत मुसळधार. पण एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. आधीचे चार-पाच दिवस संततधार असेल तर कातळावरची माती पाणी पिऊन जड झालेली असते, मग कमी पावसालाही सुटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर लिहून ठेवा. वाढलं की निघायचं. वरून भेगेत येणारं पाणी चर खणून बाजूला काढा.

वाडीवाला : खुंट्यांचं लगेच करतो. पण भर पावसात रात्री वर बघायला कोण जाणार?

मुरूममाती : कुणीच नाही! खुंट्या उजेडात बघायच्या. रात्रीच्या खुणा खालीच कळतात: झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, दार चौकटीत अडकायला लागणं, डोंगरातून गडगड आवाज. यातलं एक जरी झालं तरी बाहेर पडायचं, आणि ओहोळाच्या वाटेने खाली नाही, आडवं बाजूला.

पाटणकरीण : आमच्या पाटण तालुक्यात २०२१ ला आंबेघर, मिरगावात दरडी कोसळल्या, तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: रात्री निघायची वेळच येऊ देऊ नये. पाऊस लागून राहिला की दिवे लागायच्या आत सगळ्यांनी खाली. गुरांसाठी मे महिन्यातच सपाटीला शेड आणि वैरण करून ठेवा. गुरं खाली गेली की म्हातारी आपोआप मागे येतात. निर्णय एकट्या सरपंचावर सोडू नका, वाडीत राहणाऱ्या दोन बायकांना तो हक्क द्या. शाळेत थांबणार असाल तर ती ओहोळाच्या तोंडाशी नाही ना, हे आधी बघा. आणि मुंबईतल्या एकाकडे रोज संध्याकाळी फोन ठरवून टाका. २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे.

वाडीवाला : ताई, शेडसाठी चाकरमान्यांकडून वर्गणी काढतो. खालच्या वाडीतली शाळा ओहोळालाच लागून आहे, त्यामुळे जागा नव्याने शोधावी लागेल. देवळाचा सभामंडप उंचावर आणि डोंगरापासून लांब आहे, तिथे किती माणसं मावतात ते रविवारी बघतो.