फ्लॉरेन्स पायी बघायला गाइड घ्यावा का? सल्ला हवा

रानजाई:
मंडळी, ऑक्टोबरात आईला घेऊन इटलीला जातेय. फ्लॉरेन्सला दोन-तीन मुक्काम आहेत. आई शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे ‘बाकी काही राहिलं तरी चालेल, डेव्हिड बघायचाच’ असा हुकूम आहे (म्हणजे मायकेलअँजेलोचा पुतळा). गुडघे मात्र कुरकुरतात. चालत शहर दाखवणाऱ्या टूर ढिगाने दिसताहेत. काही स्वतःला फुकट म्हणवतात, काहींचे दर बघून घेरी येते. गाइड घ्यावा का? काय गाळलं तरी चालेल? दोघीही शाकाहारी.

मुठाकाठी:
घ्या, पण रस्त्यांसाठी. म्युझियममधल्या चित्राखाली निदान पाटी असते, भिंतींना ती नसते. ओर्सानमिकेले हे चर्च घ्या. बाहेरच्या कोनाड्यांत पुतळे उभे आहेत. प्रत्येक कोनाडा शहरातल्या एकेका व्यवसायाच्या संघाचा, आणि आपला पुतळा शेजारच्यापेक्षा सरस हवा ही चुरस. चिलखतं करणाऱ्यांनी दोनातेल्लोकडून सेंट जॉर्ज करून घेतला. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस आइसक्रीम खात पुढे निघून जातो. (आता बाहेर प्रतिकृती आहेत.)

सिन्योरिया चौकातही तेच. १४९८ मध्ये साव्होनारोला या धर्मोपदेशकाला जिथे जाळलं तिथे फरसबंदीत गोल शिळा आहे, लोक तिच्यावर उभे राहून सेल्फी काढतात. शेजारच्या कमानींखाली चेल्लिनीचा पर्सियस आणि जांबोलोन्याची सॅबाइन स्त्री, दोन्ही शिल्पं तिकिटाशिवाय. जांबोलोन्याच्या शिल्पाला गाइडने भोवती फिरवलं नाही तर तो गाइड बदला. त्याला एक अशी समोरची बाजूच नाही.

फुकट टूरला शेवटी टीप द्यावी लागते आणि घोळका मोठा असतो. आईंसाठी छोटा गट आणि परवानाधारक गाइड बघा. गाइडचा आवाज ऐकायला कानात लावायचं यंत्र देतात का, तेही विचारा. कॅथेड्रल ते पोन्ते वेक्क्यो हा जुना पूल, अंतर किलोमीटरभरही नाही, पण दगडी फरसबंदी आणि तासन्‌तास उभं राहणं हेच गुडघ्यांना नडतं.

कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या गाळा. लिफ्ट नाही. ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी आधार न देता तो कसा चढवला, ते खाली बसूनही ऐकता येतं.

खवचट_काका:
अर्धाच सहमत. उफीझी या चित्रसंग्रहालयात गाइड हवाच. सुरुवातीलाच चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या तीन भल्यामोठ्या मॅडोना (बाळ येशूसह मेरीची चित्रं) एकाच दालनात आहेत. जोत्तोची मॅडोना खरोखर बसलीय, तिला वजन आहे, हे दाखवून दिल्यावरच डोक्यात शिरतं. बाकी सगळी दालनं बघायची हौस सोडा.

मुठाकाठी:
काका, आई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, त्याच गाइडला शिकवतील :)

डेव्हिडची वेळ आधीच आरक्षित करा. अकादेमिया (डेव्हिड इथेच) आणि उफीझी दोन्ही सोमवारी बंद. डेव्हिडकडे जाताना दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट पुतळे, ‘कैदी’, आहेत, दगडात अडकलेले. छिन्नीच्या खुणा जवळून दिसतात. तिथे घाई करू नका.

आणि स्टेशनसमोरचं सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च गाळू नका. मसाच्चोची ‘त्रिमूर्ती’ (ख्रिस्ती त्रिमूर्तीचं भित्तिचित्र), साधारण १४२७. भिंतीला भोक पडून पलीकडे खोली दिसावी असं यथार्थदर्शन. आईंना हे डेव्हिडपेक्षा आवडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

तिखटजाळ:
जेवण: रिबोल्लिता (शिळा पाव, घेवडा, पालेभाजी यांचं दाट सूप) आणि पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं सूप). मांसाचा रस्सा घातलाय का, ते विचाराच. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलं की दर वाढतो.

पंचगंगा:
कोणतीही नेहमीची टूर जिथे नेत नाही ते सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा ते शहर इटलीची राजधानी होतं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहनाची खास परवानगी मिळाली. १८७४ मध्ये तिथे स्मारक म्हणून छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरच्या आपल्या न्यू पॅलेसचाही आराखडा केला. जवळच्या पुलालाही ‘इंदियानो’ म्हणतात. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्याचं सगळं पाठ करून येणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक नसतं, याचा मला राग येतो.

रानजाई:
आईला वाचून दाखवलं, ती म्हणते आधी तिथेच जाऊ! माहेर गडहिंग्लजचं. ट्रामने जमेल?

पंचगंगा:
ट्राम कॅशिने बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते, छत्री पार दुसऱ्या टोकाला. बाग तीनेक किलोमीटर लांब आहे, आईंना चालवू नका. टॅक्सी करा, ‘मोनुमेंतो अल्ल इंदियानो’ सांगा आणि थांबवूनच ठेवा. तिथे हात दाखवून दुसरी मिळत नाही.