मदत हवी आहे: भूमध्य समुद्रातली क्रूझ, माणसं नऊ, मतं दहा

आम्ही दोघं, दीर-जाऊ, सासू-सासरे आणि १३, १६, १९ वर्षांची तीन मुलं. जूनमध्ये सात रात्रींची क्रूझ करायची आहे. पश्चिमेचा मार्ग (बार्सिलोना, मार्सेय, रोमसाठीचं बंदर चिवितावेक्किया) घ्यावा की पूर्वेचा (दुब्रोवनिक, कोटोर, सँटोरिनी), इथेच गाडी अडली आहे.

चिवितावेक्कियाहून रोम साधारण ७० किलोमीटर. जाण्यायेण्यातच अडीच-तीन तास जाणार. मग कलोसियम बघायचं की घड्याळ? सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने जुन्या बंदरावर उतरायचं आणि वर फिरा या गावात जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. सासऱ्यांचे गुडघे बघता केबल कारची रांग ठरलेलीच. कोटोरच्या आखातात जहाज शिरताना डेकवरून दिसणारे डोंगर मात्र मला खुणावतायत.

खरी काळजी मोठीची. जहाजावरचे टीन क्लब बहुधा १७ वर्षांपर्यंतच, मग १९ वर्षांच्या मुलीने करायचं काय? (मधल्याचा प्रश्न एकच: वाय-फाय आहे ना?)

कोणी एवढ्या मोठ्या मुलांना घेऊन गेलंय का? आतून दाराने जोडलेल्या केबिन किती आधी बुक कराव्या लागतात? आणि सहली जहाजाकडूनच घेतल्या की स्वतः फिरलात?